तीन कॉम्प्युटर आणि एकच टीव्हीएस गोल्ड कीबोर्ड: जुन्या विंडोज एक्सपीसकट कसं जोडू?

पऱ्हाटी (दारव्हा तालुका, यवतमाळ)

नमस्कार मंडळी. प्रश्न थोडा लांब आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला नीट सांगता येणार नाही म्हणून लिहून राहिली आहे.

स्टँडजवळ माझं दुकान आहे, दहा बाय बाराची खोली. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, बॅनरचं डिझाइन आणि ऑनलाइन फॉर्म. मेमध्ये पत्रिकांचं काम सरत नाही तोच दहावी-बारावीची पोरं उत्पन्नाच्या दाखल्यासाठी उभी राहतात, आणि ती गेली की पीकविम्याची रांग लागते. पावसाळा लागला की मला मान वर करायला वेळ नसतो.

टेबलावर तीन मशीन आहेत. पहिली जुनी, एक्सपी. तिच्यात पानं मांडायचं पेजमेकर ७ आणि मराठी टायपिंगची श्रीलिपी आहे, श्रीलिपीचं डोंगल (ते लावल्याशिवाय ती चालत नाही) मागच्या प्रिंटर पोर्टला लागते. पंधरा वर्षांच्या पत्रिका तिच्यात आहेत. लोक येतात आणि म्हणतात, "ताई, मोठ्याच्या लग्नात छापली होती तशीच पाहिजे." मग ती फाइल उघडायची, नावं बदलायची. म्हणून ही मशीन काढता येत नाही. नेटला मी तिला कधीच लावत नाही. दुसरी विंडोज १०, तिच्यावर सातबारा, महाडीबीटी, सगळे फॉर्म. तिसरा भाच्यानं दिलेला लॅपटॉप, त्यावर त्यानंच विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकून दिलं. त्याच्या कीबोर्डची खालची ओळ मेलेली आहे, पण स्कॅनिंगला आणि फोटो कापायला तो फार चांगला चालते.

म्हणजे तीन मशीन, तीन कीबोर्ड, तीन माऊस. टेबलावर फॉर्मचा कागद ठेवायला जागा नाही. आणि चुका होतात. मागच्या आठवड्यात एक आजोबा आठ किलोमीटरवरून आले होते. ओटीपी आला, त्यांनी फोन माझ्यासमोर धरला, मी आकडे टाइप केले आणि ते गेले एक्सपीवरच्या पत्रिकेत, वधूच्या नावापुढे. माझ्या लक्षात येईपर्यंत ओटीपीची वेळ गेली, मग साइट अडकली ती संध्याकाळपर्यंत सुरूच झाली नाही. आजोबांना दुसऱ्या दिवशी पुन्हा यावं लागलं. ते काही बोलले नाहीत, पण मला त्या रात्री झोप लागली नाही.

आता मुख्य गोष्ट. मला जो कीबोर्ड ठेवायचा आहे तो एक्सपीचा, टीव्हीएस गोल्ड. टायपिंगची मराठी ४० ची परीक्षा पास झाल्यावर बाबांनी घेऊन दिला होता. कळांवरची अक्षरं पुसून गेली आहेत, 'र' ची कळ तर आरशासारखी गुळगुळीत झाली. पण बोटांना सगळं पाठ आहे. सपाट नव्या कीबोर्डवर एक पत्रिका टाइप केली की मनगट दुखते, गोल्डवर दिवसभर काम करते. त्याची पिन जांभळी गोल, पीएस/२ वाली. विंडोज १० च्या मशीनला आणि लॅपटॉपला तसं पोर्टच नाही.

बाजारातून एक छोटं अडॅप्टर आणलं, एका बाजूला गोल, एका बाजूला यूएसबी. दुकानदार म्हणाला चालून जाईल. चाललं नाही, कीबोर्डचे तीन दिवे एकदाही लागले नाहीत.

तिन्ही मशीनला आपापला स्क्रीन आहे, स्क्रीन एक करायची नाही. फक्त हा कीबोर्ड आणि एक माऊस तिन्हीला चालवायचा आहे. काय घेऊ, कसं लावू?

---

मूर्तिजापूरचा सर

ताई, पैसे खर्च करण्याआधी सॉफ्टवेअर करून पाहा. आमच्या शाळेच्या लॅबमध्ये मी दोन मशीनवर बॅरियर चालवतो. ते फुकट आहे. सिनर्जी नावाचं जुनं सॉफ्टवेअर होतं, त्यातून २०१८ मध्ये बॅरियर निघालं, पुढे बॅरियरमधून इनपुट लीप निघालं. तिघांची पद्धत एकच. ज्या मशीनला खरा कीबोर्ड लागलेला ती सर्व्हर, बाकीच्या क्लायंट. माऊस स्क्रीनच्या कडेला नेला की बाजूच्या स्क्रीनवर जातो, आणि कीबोर्ड त्याच्या मागे जातो. इथे कॉपी केलेला मजकूर तिथे पेस्टही होतो.

सगळ्या मशीन एकाच राऊटरवर पाहिजेत. नेट नसलं तरी चालते, राऊटरला लाइट पाहिजे एवढंच. विंडोजच्या फायरवॉलमध्ये त्याला परवानगी द्या, ते २४८०० नंबरच्या पोर्टवर बोलते. सर्व्हरच्या आराखड्यात मशीनचं जे नाव टाकाल तेच क्लायंटवर असलं पाहिजे, एका अक्षराचा फरक पडला तरी जोडणी होत नाही. माझा अख्खा शनिवार त्यातच गेला होता. आणि दोन्हीकडे एकच आवृत्ती टाका.

मायक्रोसॉफ्टचं माऊस विदाउट बॉर्डर्स पण आहे, आता पॉवरटॉइजमध्ये मिळते, चार मशीनपर्यंत. पण ते फक्त विंडोजला. तुमचा मिंट त्यात येणार नाही.

---

नवं_तेच_सोनं

एवढा खटाटोप कशाला? तीन मशीनचं बटण असलेले ब्लूटूथ कीबोर्ड मिळतात. एक दाबलं की पहिली, दोन दाबलं की दुसरी. जुना कीबोर्ड जपून ठेवा कपाटात.

---

पऱ्हाटी

दादा, सूचना चांगली आहे, पण माझ्या एक्सपीच्या मशीनला ब्लूटूथ नाही. आणि गोल्ड कपाटात ठेवायचा नाही, त्यावरच काम करायचं आहे, तोच तर प्रश्न आहे.

सर, तुमचं आजच करून पाहते. एक्सपी नेटवर्कला लावायची नाही म्हणून फक्त विंडोज १० आणि लॅपटॉप.

---

पऱ्हाटी

केलं. अडीच तास लागले, पण झालं. नावाची चूक माझीही झाली, सरांनी आधी सांगितलं म्हणून लवकर सापडली. माऊस एका स्क्रीनवरून दुसऱ्यावर सरकताना पाहून दुकानात बसलेली पोरं उठून उभी राहिली.

इंग्रजी टायपिंग, आकडे, कॉपी-पेस्ट सगळं बरोबर. पण मराठी बिघडते. विंडोज १० वर इन्स्क्रिप्ट (मराठीची कळरचना) चालू ठेवून लॅपटॉपवर गेले की तिथे भलतंच उमटते, कधी काहीच उमटत नाही. इंग्रजी ठेवून गेले तर तिकडे मराठी निवडलेलं असूनही इंग्रजी अक्षर येते. जोडाक्षराला तर फारच त्रास. माझं निम्मं काम मराठीत आहे. यावर कोणाकडे उपाय आहे का? आणि गोल्डचं अजून राहिलंच आहे, हे सगळं मी साध्या यूएसबी कीबोर्डवर केलं.

---

वरूडकर (रिपेअरिंग, २२ वर्षं)

ताई, सगळं वाचलं. आता एकेक गोष्ट पाहा.

आधी तुमचं अडॅप्टर. ते तुमच्या कामाचं नाही. त्यात चिप नसते, नुसत्या तारा इकडून तिकडे जोडलेल्या असतात. कीबोर्डच्या पोटात पीएस/२ आणि यूएसबी अशा दोन्ही भाषा असतील तरच ते चालते. तुमच्या गोल्डला फक्त पीएस/२ ची भाषा येते. त्याला दुभाष्या लागते. बाजारात "पीएस/२ टू यूएसबी कन्व्हर्टर" म्हणून मागा: एका बाजूला जांभळं आणि हिरवं अशी दोन गोल सॉकेट, दुसऱ्या बाजूला यूएसबी, मधात जाड गाठ असते. त्या गाठीत चिप असते. नुसती टोपीसारखी वस्तू दिली तर घेऊ नका.

घेताना कीबोर्ड सोबत घेऊन जा. स्वस्तातले काही कन्व्हर्टर जलद टायपिंगला टिकत नाहीत, शिफ्ट अडकून बसते. दुकानातच नोटपॅड उघडून तुमच्या वेगानं दोन परिच्छेद टाइप करा. तुमचा ४० चा वेग असेल तर तिथंच कळून जाईल.

दुसरी गोष्ट मराठीची. सरांचं सॉफ्टवेअर वाईट नाही, पण ते कळ पाठवत नाही, कळेचा अर्थ पाठवते. पहिल्या मशीननं कळेचं अक्षर ठरवलं, ते अक्षर तारेतून गेलं, आणि दुसरी मशीन ते कोणत्या कळेवर आहे हे शोधत बसते. इंग्रजीत दोन्हीकडे सारखंच म्हणून कळत नाही. मराठीत फसते.

हार्डवेअरचा स्विच असं करत नाही. यूएसबी कीबोर्ड फक्त कळेचा नंबर पाठवते. इंग्रजी के ची कळ दाबली तर १४ नंबर जाते, बस. आता ज्या मशीनला तो १४ मिळाला ती तिच्या हिशेबानं अर्थ लावते. इन्स्क्रिप्टमध्ये तो क, रेमिंग्टन या टाइपरायटरच्या कळरचनेत काना. तुमची श्रीलिपी एक्सपीवर बसून तिचं तिचं करेल, मिंट त्याचं त्याचं करेल. मराठी टायपिंगवाल्यांना मी नेहमी स्विचच देतो, काहून का त्यात भाषेचा प्रश्नच येत नाही.

तर चार मशीनचा यूएसबी स्विच घ्या, ज्याची स्क्रीनची तार नसते तो. तुम्हाला मोठा केव्हीएम (कीबोर्ड-माऊससोबत स्क्रीनही बदलणारा स्विच) लागत नाही, स्क्रीन तुमच्या वेगळ्या आहेत. कन्व्हर्टर आणि माऊस स्विचमध्ये, स्विचमधून तीन तारा तीन मशीनला. बटण दाबलं की पुढची मशीन. दोन-तीन सेकंद लागतात, कारण दर वेळी मशीनला वाटते की कीबोर्ड आताच लावला.

एक्सपीला यूएसबी कीबोर्ड चालते, ड्रायव्हर लागत नाही. पण गोल पिन काढण्याआधी एक काम करा. मशीन सुरू होताना बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जा (बहुतेक डिलीट की) आणि दोन गोष्टी बदला. "यूएसबी कीबोर्ड सपोर्ट" किंवा "लेगसी यूएसबी" असं असेल ते एनेबल करा. आणि "हॉल्ट ऑन" म्हणून एक ओळ असते, तिथे "ऑल, बट कीबोर्ड" निवडा. नाही तर सकाळी स्विच दुसऱ्या मशीनवर असताना एक्सपी चालू केली की "कीबोर्ड नॉट फाउंड, प्रेस एफ१" म्हणून काळ्या स्क्रीनवर थांबून राहील. हे सगळं गोल पिन लागलेली असतानाच करा.

आणि गोल पिन मशीन चालू असताना काढू-घालू नका. पीएस/२ पोर्ट १९८७ मध्ये आयबीएमनं आणलं, ते चालू मशीनमध्ये काढण्या-घालण्यासाठी बनवलेलंच नाही. मदरबोर्डवरचं फ्यूज उडालेल्या मशीन माझ्याकडे दर उन्हाळ्यात येतात.

आता शेवटची गोष्ट, आणि ही आधी करा. तुमची अर्थिंग पाहा. हात जोडून सांगतो. अर्थिंग नसलेल्या मशीनच्या डब्यावर पॉवर सप्लायमधल्या फिल्टरमुळे निम्मं व्होल्टेज उभं राहते, शंभर-सव्वाशे व्होल्ट. करंट बारीक असते म्हणून माणसाला नुसत्या मुंग्या येतात. पण एक मशीन अर्थ झालेली आणि दुसरी नसलेली, आणि तुम्ही त्यांच्यात यूएसबीची तार टाकली, तर तो करंट त्या तारेतून वाट काढते. स्विच जाते, नाही तर पोर्ट जाते. लोक म्हणतात स्विच खराब निघाला.

आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात फाटते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडते आणि तार नुसती नावाला राहते. मीटर असेल तर फेज आणि अर्थ मोजा, २३० च्या आसपास आलं पाहिजे. न्यूट्रल आणि अर्थमध्ये एक-दोन व्होल्टच्या वर नको. कमी-जास्त असेल तर खड्ड्यात मीठ-कोळसा टाका, दोन-चार दिवस पाणी सोडा, पुन्हा मोजा. तिन्ही मशीन एकाच बोर्डवरून घ्या, तीन पिनच्या. मगच तारा जोडा, तेही सगळं बंद करून.

---

मूर्तिजापूरचा सर

वरूडकर भाऊ, कळेचा नंबर आणि कळेचा अर्थ हा फरक मला माहीत नव्हता. माझ्या लॅबमध्ये इंग्रजीच चालते म्हणून कधी अडलं नाही. पऱ्हाटी ताई, माझ्यामुळे तुमचे अडीच तास गेले.

---

पऱ्हाटी

सर, असं म्हणू नका. बॅरियर मी काढलेलं नाही. विंडोज १० वरचा मजकूर लॅपटॉपवर पेस्ट करायला ते रोज लागते. एक्सपीचं तसंही नव्हतंच: पेजमेकरला युनिकोड (नेटवर चालणारं मराठी) समजत नाही, आणि श्रीलिपीचे फॉन्ट वेगळे, त्यामुळे इकडचं मराठी तिकडे पेस्ट केलं तरी डबेच येतात. ते मी कन्व्हर्ट करून पेनड्राइव्हनं नेते.

वरूडकर भाऊ, आता तुमचं. आठ दिवस लागले म्हणून उत्तराला उशीर झाला.

आधी अर्थिंगच पाहिली. गावातला वायरमन मीटर घेऊन आला. फेज-अर्थ १४० च्या आसपास! मला एक्सपीच्या डब्याला कोपर लागलं की मुंग्या येत होत्या, मी आजवर समजत होते की जुनी मशीन आहे, असंच असते. दुकानामागे खड्डा उकरला तर माती भाजलेल्या विटेसारखी. मीठ-कोळसा टाकून चार दिवस रोज संध्याकाळी दोन बादल्या पाणी टाकलं. पाचव्या दिवशी २२८. मुंग्या गेल्या. कोपर मुद्दाम लावून पाहिलं, दोनदा.

कन्व्हर्टर यवतमाळहून आणला. गोल्ड पिशवीत घालून एसटीनं घेऊन गेले. पहिल्या दुकानात तुम्ही म्हणाले तेच झालं, दुसऱ्या ओळीतच शिफ्ट अडकली आणि पुढे सगळी मोठी अक्षरं. मी हात जोडून परत दिला. दुसऱ्या दुकानातला टिकला. तिथल्या मुलानं कळांचा आवाज ऐकून विचारलं, "हे अजून चालते?" मी म्हटलं, रोज.

स्विच लावला, सगळं बंद करून, एकेक तार. बायोसमध्ये दोन्ही ओळी बदलल्या. सुरू केलं तर पहिल्याच झटक्यात एक्सपीवर कर्सर चमकला. श्रीलिपी उघडली, "श्री गणेशाय नमः" टाइप केलं, बरोबर उमटलं. बटण दाबलं, तीन सेकंद थांबले, मिंटवर तेच इन्स्क्रिप्टमध्ये टाइप केलं, तेही बरोबर. तेव्हा दुकानात कोणी नव्हतं. मी एकटीच होते, आणि डोळ्यात पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी मात्र घाबरले. रात्री लाइट गेली होती, सकाळी एक्सपी चालू केली तर तोच काळा स्क्रीन, प्रेस एफ१. बायोसमध्ये पाहिलं तर दोन्ही ओळी पुन्हा होत्या तशा, आणि तारीखही मागची. म्हणजे आतला सेल संपला होता. सीआर २०३२, घड्याळवाल्याकडे मिळाला. बदलला, पुन्हा सेटिंग केलं. त्यानंतर तीनदा लाइट गेली, सेटिंग जागेवर आहे.

चुकीच्या मशीनवर टाइप होऊ नये म्हणून एक केलं. स्विचवर मशीनचे दिवे आहेत, पण टाइप करताना नजर तिकडे जात नाही. म्हणून स्क्रीनच्या कोपऱ्यात टिकल्या लावल्या: एक्सपीला लाल, विंडोज १० ला हिरवी, लॅपटॉपला पिवळी, आणि स्विचच्या दिव्यांजवळ त्याच रंगाच्या. ओटीपी आला की आधी माऊस हलवून पाहते, कोणत्या स्क्रीनवर बाण हलला, मगच आकडे. टेबलावर आता फॉर्मचा कागद सरळ पसरता येतो.

---

खामगावची_मावशी

ताई, माझ्याकडेही असाच गोल पिनचा कीबोर्ड आहे, त्याहून जुना, पिन बोटाएवढी जाड, पाच काट्यांची. तोही चालेल का?

---

वरूडकर

मावशी, ती एटी पिन. जाड पाच काट्यांपासून बारीक गोल पिनपर्यंत साधं अडॅप्टर चालते, कारण दोघांची भाषा एकच आहे, फक्त पिनचा आकार वेगळा. त्याच्यापुढे ताईंसारखा चिपवाला कन्व्हर्टर लावा. पण कीबोर्ड फारच जुना, एक्सटी काळातला असेल, तर त्याची भाषा वेगळी, तो चालणार नाही. काही कीबोर्डच्या खाली एक्सटी-एटी असं छोटं बटण असते, उलटा करून पाहा. असेल तर एटीवर सरकवा.

आणि अर्थिंग मोजल्याशिवाय तार जोडू नका, मावशी.

---

पऱ्हाटी

मावशी, यवतमाळला गेलात तर कीबोर्ड सोबत न्या, आणि नोटपॅडमध्ये शिफ्ट दाबून-सोडून दहा-बारा ओळी टाइप केल्याशिवाय पैसे देऊ नका. मला कन्व्हर्टर ३५० ला पडला, त्यावर कंपनीचं नाव नाही, काळा आहे आणि गाठ अंगठ्याएवढी जाड.